सिनेमातला हॅकर आणि त्याच्या मागं लागलेले पोलीस, एकांकिकेत खरं काय दाखवावं?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची एकांकिका बसवायलोय, नांदेड विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी. विषय पोरांनीच काढला, हॅकर आणि त्याच्या मागावरचे पोलीस. संहिता मी लिहायलोय आणि तीन आठवडे झाले एकाच जागी अडकलोय.

अडचण अशी की पोरांना म्हणलं आधी तुम्हाला सुचतंय ते करून दाखवा, तर त्यांनी जे केलं ते सगळं सिनेमातलं. एक पोरगा टोपीचं जॅकेट घालून अंधारात बसला, कीबोर्ड बडवला आणि "शिरलो आत" म्हणला. दुसऱ्या बाजूला इन्स्पेक्टर ओरडायलाय, "त्याला बोलत ठेवा, अजून तीस सेकंद पाहिजेत!" मग भिंतीवरच्या नकाशावर लाल ठिपका, मग जीपा सुटल्या. छान केलं पोरांनी, टाळ्या पडतील असं केलं. पण मी सहज विचारलं की तुमच्यापैकी कुणाच्या घरी ऑनलाइन फसवणूक झालीय का, तर अकरातल्या चौघांनी हात वर केले. एकाच्याही घरी असला जॅकेटवाला नव्हता, चौघांच्याही घरी नुसता फोन आला होता. पोलिसात कोण गेलं विचारलं तर एक जण.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. वाचत गेलो तर कळलं की १९८३ साली वॉरगेम्स नावाचा सिनेमा आला होता, त्यात एक शाळकरी पोरगा मोडेमनं एकामागून एक नंबर फिरवत फिरवत अमेरिकी लष्कराच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो बघितला आणि आपल्या सगळ्यात वरच्या जनरलला विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? आठवड्यानं उत्तर आलं की तुम्हाला वाटतंय त्याहून परिस्थिती वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये कॉम्प्युटर सुरक्षेचा सरकारी आदेश निघाला. एका सिनेमानं एवढं हलतं तर आम्ही तीस मिनिटं स्टेजवर काय दाखवतो त्याची जबाबदारी वाटायला लागली मला.

तर प्रश्न असा की खरा पाठलाग कसा असतो? आणि तो रंगमंचावर बघवंल का? पोलीस, बँक, कोर्ट, फोन, ज्याला जे माहीत आहे ते सांगा.

गोदाकाठी, नांदेड

सर, मी मूळचा नांदेडचा, आता पुण्यात नेटवर्कचं काम करतो. आधी सिनेमावाल्यांची बाजू मांडू द्या कारण त्यांना सगळे नुसते शिव्याच देतात. आमचं काम बघायला कंटाळवाणं आहे, काळी स्क्रीन, चार ओळी, मग पाऊण तास वाट बघणं. ते कॅमेऱ्यात कसं धरणार? आणि कधी कधी लोक ज्याला खोटं म्हणतात ते खरं निघतं. ज्युरासिक पार्कमध्ये ती पोरगी थ्रीडी डबे दिसणारी स्क्रीन बघून ही युनिक्स सिस्टीम आहे म्हणते (युनिक्स म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी एक जुनी प्रणाली), त्याच्यावर लोक वर्षानुवर्षं हसले, पण तो सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा खराखुरा प्रोग्राम होता. मॅट्रिक्सच्या २००३ च्या दुसऱ्या भागात नायिका ट्रिनिटी जे वापरते ते एनमॅप, म्हणजे नेटवर्कवरचं कुठलं कॉम्प्युटर कुठं उघडं आहे ते शोधणारा प्रोग्राम, आम्ही आजही रोज वापरतो, आणि त्यातून ती जी फट शोधते तीसुद्धा दोन वर्षांपूर्वी खरंच सापडलेली होती. तो सीन काही सेकंदांचाच आहे, पण पहिल्यांदा बघितला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो होतो. खरं दाखवूनही थरार येतो याचा तो पुरावा आहे माझ्यासाठी.

बाकी पडद्यावरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर कॉम्प्युटरला मिळणारा आकड्यांचा पत्ता, नीट बघत जा, चार आकड्यांपैकी एखादा २५५ च्या वर असला तर असा पत्ता अस्तित्वातच नसतो. ते मात्र चूक म्हणून नाही, कुणाचा खरा पत्ता दिसू नये म्हणून मुद्दाम करतात बऱ्याचदा.

एक्सचेंजवाल्याची लेक, परभणी

दादा, तुमच्या इन्स्पेक्टरच्या "त्याला बोलत ठेवा" वर मला लिहायचंय, कारण माझे बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत आणि असला सीन टीव्हीवर लागला की ते एवढंच म्हणतात, "हे आमच्या वेळचं आहे गं, आत्ताचं नाही." म्हणजे ते खोटं नाही, जुनं आहे.

जुन्या स्ट्रोजर एक्सचेंजला तुम्ही डायल फिरवला की प्रत्येक आकड्याला यंत्रातला सिलेक्टर तेवढ्या पायऱ्या वर चढायचा, मग आत वळायचा, असं करत करत दोन फोनांच्या मधी खरोखरची तार जुळायची. कुणी त्रास देणारा फोन करत असला आणि तो कुठून येतोय ते काढायचं असलं तर माणूस रॅकच्या मधून चालत जायचा, ज्याला फोन आलाय त्याच्या सिलेक्टरपासून उलटं, हा कुणाला जोडलाय, तो कुणाला जोडलाय. बाबा सांगतात, एकदा रात्री ते आणि त्यांचे एक सहकारी असेच मागं मागं निघाले, दोन रॅक राहिले होते आणि समोरच्यानं फोन ठेवला. ठेवल्याबरोबर सगळे सिलेक्टर सुटून खाली. काहीच उरलं नाही. म्हणून बोलत ठेवायचं. इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आल्यावर ते संपलं, कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला किती वाजता हे यंत्रच लिहून ठेवायला लागलं, माणूस एक सेकंद बोलला काय आन् तासभर बोलला काय.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ कॉम्प्युटर सांभाळायला लागले, तेव्हा महिन्याच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला. पाऊण डॉलर. कुणीही सोडून दिला असता, त्यांनी नाही सोडला. त्या पाऊण डॉलरच्या मागं जात जात ते जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचले, तिथून एक जण लष्करी कॉम्प्युटरांत शिरत होता आणि मिळालेली माहिती रशियनांना विकत होता. पण हॅनोव्हरचं एक्सचेंज जुनं, यांत्रिक! लाइन शोधायला लई वेळ लागायचा आणि हा गडी तेवढा वेळ थांबायचाच नाही. मग स्टॉल यांनी क्षेपणास्त्र संरक्षणाच्या नावानं खोट्या फायलींचा ढीग तयार करून ठेवला, तो वाचत बसावा म्हणून. बसला वाचत, आणि तेवढ्यात तिकडच्या माणसांनी लाइन काढली.

बाबांना ही गोष्ट वाचून दाखवली तर त्यांनी मला मधीच थांबवलं आणि विचारलं, तिथं रात्री ड्यूटीवर कोण होतं ते लिहिलंय का? मला लई भरून आलं. दादा, तुमच्या एकांकिकेत रात्रपाळीचा असा एक माणूस घ्या ना.

वकीलताई, जालना

मी फौजदारी बाजूला काम करते, जालन्यात आणि औरंगाबाद खंडपीठात. सिनेमातला पाठलाग हातकडी पडली की संपतो, आमच्याकडं तिथून सुरू होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तपास कोण करणार. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालचा गुन्हा इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरचाच अधिकारी तपासू शकतो. सिनेमात एखादा तरुण फौजदार एकटाच केस फोडतो, पण कागदावर तपास इन्स्पेक्टरचा नसला तर बचाव पक्ष पहिल्याच दिवशी तिथं बोट ठेवतो.

दुसरं, जप्ती. लॅपटॉप जप्त केला म्हणजे उचलून जीपमध्ये टाकला असं चालत नाही. पंच पाहिजेत, पंचनामा पाहिजे, आणि १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंगही करायचंय. मग हॅश काढायचा. हॅश म्हणजे त्या सगळ्या डेटाच्या अंगठ्याचा ठसाच समजा, एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ, आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. जप्तीच्या वेळी जो हॅश होता तोच कोर्टात निघाला तर कुणी मधी हात लावला नाही हे सिद्ध होतं. जप्त केलेला फोन पोलिसानं कुतूहलापोटी चालू करून गॅलरी बघितली की नंतर उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. मी हे उलटतपासणीत डोळ्यांनी बघितलंय, प्रामाणिक माणूस होता तो, कुणी शिकवलंच नव्हतं त्याला.

आणि तिसरं आमच्या जालन्याचंच आहे. २०१४ च्या विधानसभेला इथं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला का नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, पण त्याच्यासोबत लागणारं, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र, म्हणजे ही नक्कल कोणत्या यंत्रातून कशी निघाली ते सांगणारा कागद, पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नव्हतं. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर असं प्रमाणपत्र लागतंच, मात्र पक्षकारानं जे जे शक्य ते सगळं करूनही मिळालं नाही तर त्याचा बळी देता येणार नाही. आज देशात कुठंही डिजिटल पुराव्यावर वाद झाला की हाच निकाल पुढं केला जातो. म्हणजे सायबर गुन्ह्याच्या कोर्टातल्या लढाईचा पाया जालन्याच्या निवडणुकीतून आलाय आणि इथल्या पोरांना ते माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या नाटकात एकदा तरी कुणीतरी विचारू द्या, "प्रमाणपत्र कुठंय?" सगळं सापडलंय, आरोपी समोर उभा आहे आणि एक कागद नाही. ह्याच्याएवढं नाट्य मला त्या लाल ठिपक्यात दिसत नाही.

मांजराकाठ, लातूर

ताई, दोघींचेही लई आभार. सिलेक्टर सुटून खाली पडले ते वाचून मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. पण अजून एक राहतंय, ज्याच्यावर गुन्हा झाला तो माणूस. माझ्या संहितेत तो पहिल्या पाच मिनिटांत संपतो आणि मग सगळं चोर-पोलीस.

माजलगावची सूनबाई

तुम्ही शेवटचं लिहिलं म्हणून लिहायलेय, नाहीतर हे कुठं सांगितलं नव्हतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांना फोन आला, तुमचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइन कट होणार. बोलणारा मराठीतच बोलत होता, गुरुजी गुरुजी करत होता. दहा रुपये भरा म्हणला, त्यासाठी एक ॲप टाकायला लावलं, त्या ॲपनं ह्यांची स्क्रीन त्याला दिसायला लागली आणि तीन वेळा मिळून एक लाख त्र्याऐंशी हजार गेले. मी शाळेतून आले तर दादा ओसरीवर बसलेले, फोन उपडा ठेवलेला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या हेल्पलाइनला, मी फोन लावला, पण तोपर्यंत दोन तास गेले होते. एकेचाळीस हजार मधल्या एका खात्यात अडकवता आले, बाकीचे पुढं पुढं खात्यांतून निघून गेले होते. ते एकेचाळीस हजार सोडवायलासुद्धा कोर्टाचा आदेश लागला.

पाठलाग म्हणाल तर तो पैशाचा होता, माणसाचा नाही. ज्या मॅडमकडं तपास होता त्यांच्या टेबलावर नुसती पत्रं. ह्या बँकेला पत्र, तिचं उत्तर आलं की पुढच्या बँकेला पत्र. पहिलं खातं ज्याच्या नावावर निघालं तो एकोणीस वर्षांचा पोरगा, पाच हजारांत त्यानं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कुणालातरी देऊन टाकलेलं. त्याच्या आईला घेऊन आला होता तो चौकीत. तिला बघून मला राग येईना, आणि राग येत नाही याचंच वाईट वाटत होतं.

पण मला सांगायचंय ते दादांचं. हॅकरनं फसवलं असं आम्ही पाहुण्यांत सांगायला लागलो की ते मान हलवायचे, म्हणायचे, "हॅकर कुठला, मीच माझ्या हातानं दिलं." सिनेमातला हॅकर कुलूप तोडून आत येतो ना, म्हणून ज्यानं स्वतः दार उघडलं त्याला वाटतं चोर मीच आहे. सहा महिने ते गावातल्या पारावर गेले नाहीत. चाळीस वर्षं ज्यांनी गावाला हिशोब शिकवला तो माणूस. तुमच्या नाटकात हे आलं तर कदाचित एखाद्या घरातलं कुणी लवकर बोलंल, आणि दोन तासांऐवजी दहा मिनिटांत १९३० लावंल.

गोदाकाठी, नांदेड

वहिनी, दादांना माझा नमस्कार सांगा, आणि एक गोष्टही सांगा. जगातला सगळ्यात गाजलेला हॅकर केविन मिटनिक, १९९५ च्या फेब्रुवारीत एफबीआयनं त्याला पकडलं, त्याच्या मागावर पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला. त्याचं मोठं हत्यार कोणतं, तर फोन. मोटोरोलासारख्या कंपनीच्या मोबाइलचा सोर्स कोड, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, त्यानं तिथल्याच माणसांशी गोड बोलून मागून घेतला होता. त्या लोकांचं रोजचं कामच टेक्नॉलॉजीचं, तरी दिला. तेव्हा गुरुजींनी स्वतःला दोष देऊ नये. कुलूप तोडणं अवघड असतं म्हणूनच ते माणसाला गाठतात.

आणि सर, पाठलागाचा अजून एक प्रकार सांगतो. डार्कवेबवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागात, सिल्क रोड नावाचा बेकायदा बाजार चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट, त्याला शोधायला किती यंत्रणा लागल्या होत्या. त्याचं नाव पहिल्यांदा बरोबर हेरलं ते करखात्याच्या एका तपासनीसानं, साध्या गुगल सर्चवर, जुन्या पोस्टी शोधत बसून. त्या बाजाराची सुरुवातीला जाहिरात करणाऱ्या नावानंच दुसऱ्या एका ठिकाणी स्वतःचा खरा ईमेल दिला होता. बरं, नाव कळलं तरी लॅपटॉप बंद झाला तर आतलं सगळं कुलूपबंद. म्हणून १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात तो लॅपटॉप उघडून बसला असताना साध्या कपड्यातल्या दोघांनी त्याच्या मागं नवरा-बायकोसारखं भांडण सुरू केलं, तो वळून बघेपर्यंत लॅपटॉप ओढून घेतला, उघडाच्या उघडा. वाचनालय आणि खोटं भांडण! हे तर स्टेजसाठीच बनलंय.

आयपी पत्त्याचं एक राहिलं. सिनेमात आयपी मिळाला की थेट घराचं दार. मोबाइल इंटरनेटवर एकाच पत्त्यामागं एका वेळी कितीतरी गिऱ्हाइकं असतात, त्यामुळं पत्ता, पोर्ट (त्या पत्त्यावरच्या एकेका जोडणीचा नंबर) आणि सेकंदापर्यंतची वेळ असं तिन्ही असल्याशिवाय कंपनी कुणाचं नाव देऊ शकत नाही. वेळ लिहिताना एक मिनिट इकडंतिकडं झालं की भलत्याच पोराच्या दारात पोलीस. आणि आपल्याकडचं मोठं उदाहरण बघा, ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, पण पोलिसांच्या हाती जे लागले ते एटीएमच्या कॅमेऱ्यात चेहरे दिसलेले, पैसे काढायला गेलेले लोक. २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली. वरचा मेंदू लांब कुठंतरी, आणि तुरुंगात कोण, तर वहिनींनी सांगितला तसल्याच पोराच्या चुलत भावंडांसारखे.

मांजराकाठ, लातूर

काल रात्री पोरांना बसवून हा सगळा धागा मोठ्यानं वाचला. वहिनींचं वाचताना ज्या पोरीनं पहिल्यांदा हात वर केला होता ती उठून बाहेर गेली, परत आली आणि म्हणली गुरुजींचं काम मी करते, सर.

तर आता असं ठरलंय. जॅकेटवाला काढला. फोनवर गुरुजी गुरुजी म्हणणारा फक्त आवाज राहील, विंगेतून, त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसणार नाही. स्टेजवर तीनच जागा, ओसरी, पत्रांचं टेबल आणि पासबुक दिलेल्या पोराचं घर. मॅडम एका बँकेला पत्र लिहितात तेव्हा उजेड त्या पोराकडं सरकतो, असं थोडं थोडं. लायब्ररीचं भांडण मोहात पाडतंय पण ते आपल्या गोष्टीत बसत नाही, ठेवून देतो पुढच्या वर्षासाठी. प्रमाणपत्र शेवटच्या प्रवेशात येईल, वकीलताई, पंचनाम्याचा एखादा कोरा नमुना मिळाला तर पोरं त्यातली भाषा पाठ करतील.

आणि परभणीच्या ताई, मॅडमच्या प्रत्येक पत्रानंतर मला तो सिलेक्टर चढतानाचा आवाज पाहिजे. शेवटी सगळे सुटून पडतानाचाही. नेटवर शोधला, विदेशी एक्सचेंजचे मिळतात पण बाबांनी ऐकलेला तो तोच का ते कळंना.

एक्सचेंजवाल्याची लेक, परभणी

दादा, बाबांना आत्ताच विचारलं. म्हणले मिळतोय तो बरोबरच असंल, पण वर चढताना वेगळा आणि आत वळताना वेगळा असतो, ते पोरांना कळायला पाहिजे. मग खुर्चीत बसल्या बसल्या तोंडानं करून दाखवला, पाच आकड्यांचा अख्खा नंबर, एकेका आकड्याला मोजून तेवढेच ठोके. कुणाचा नंबर विचारलं तर म्हणले आपल्याच घरचा, जुना. रेकॉर्ड करून घेतलाय, आज रात्री पाठवते.